आधी प्लग काढून बघ

ऐक, त्या मिस्त्रीला आजच सांग की बाबांच्या जिप्सीचा कार्ब्युरेटर इतक्यात उघडायचा नाही. कारण काहीही दे. घरी लग्न आहे म्हण, नाहीतर ताई ऐकत नाही म्हण. तू जे सांगून राहिली ना, की झडीत सकाळी गाडी सुरू होते पण थरथरते, नागपुरात सदरच्या उड्डाणपुलावर चढताना झटके देते आणि दुपारी ऊन पडलं की शहाण्यासारखी चालते, ते मला कार्ब्युरेटरचं दुखणं वाटतच नाही. ओल आली की बिघडते आणि सुकली की सुधारते, ती बहुतेक वेळा वीज असते. म्हणजे प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप. कार्ब्युरेटर साफ करायला मिस्त्री दिवसभर घेईल, पैसे घेईल, आणि दुसऱ्या पावसात तू पुन्हा मला फोन करशील.

तुझ्या शेजारच्या भाऊजींचा सल्ला मात्र यात घेऊ नको. त्यांची बोलेरो डिझेलची. डिझेल दाबानेच पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही, त्यामुळे हे दुखणं त्यांनी पाहिलेलंच नाही. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या गाड्या बहुतेक डिझेलच्या, म्हणून बाबांची पेट्रोलवरची जिप्सी वेगळी पडते. १९८५ साली मारुतीने ही गाडी आणली, १९९६ ला १.३ लिटरची किंग आली, आणि बाबांनी घेतली ती कार्ब्युरेटरवाली. म्हणजे तुझ्या हाती एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर, चार प्लग आणि पाच वायरी. बस. कुठलाही कॉम्प्युटर लावावा लागत नाही.

रात्री जेवणं झाली की अंगणातला दिवा बंद कर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून सुरू ठेव आणि बोनेट उघड. कपड्यांना इस्त्री करताना वापरतेस ती फवाऱ्याची बाटली घे आणि वायरींवर हलकेच पाणी उडव. वायरीचं रबर तडकलं असेल तर अंधारात निळ्या बारीक ठिणग्या बाहेर पळताना दिसतील. बाप्पा, हात मात्र लांब ठेव. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, आणि तेवढ्यांना बाहेरचा सोपा रस्ता सापडला की ते प्लगपर्यंत जातच नाहीत. पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योग करूच नको, आधी गळती बघ. आणि चालू गाडीत एकेक वायर उपटून ‘कोणता सिलिंडर मेला’ बघायची मिस्त्री लोकांना फार हौस असते. झटका तर बसतोच, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर तेही जाऊ शकतं. करू देऊ नको.

प्लग काढायचे ते थंड इंजिनवरच. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावलास तर आटे जातात, आणि आटे गेले की खर्च कार्ब्युरेटरच्या वर. प्लग सैल करण्याआधी भोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडव, नाहीतर तीच सिलिंडरमध्ये पडणार. वायर ओढताना टोकाचं रबर धर, वायर नको. आणि एका वेळी एकच: एक वायर काढ, तो प्लग बदल, नवी वायर लाव, मग पुढचा. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, १ नंबर रेडिएटरकडचा. चारही वायरी एकदम काढल्यास की गोंधळ ठरलेला. दोन उलट्या लागल्या तर गाडी ठो ठो करते आणि गल्लीतले पोट्टे जमा होतात.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांड. मला यातली हीच गोष्ट सर्वात आवडते. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी अशक्त आहे. ओलं तेलकट काळं दिसलं तर इंजिन ऑइल वर येतंय, त्याला नवे प्लग काही करू शकत नाहीत. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर सिलिंडर जास्त तापतोय. चारही काळे निघाले तर मग खुशाल कार्ब्युरेटरचा संशय घे, मी आडवी येणार नाही. पण तीन बरे आणि एकच काळा असेल, तर त्या एकाची वायर आधी बघ. मल्टिमीटरने पाचही मोज: लांब वायरीचा रोध जास्त, आखूडचा कमी, हे ठीकच. पण एखादी इतरांपेक्षा भलतंच दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती मेली. आणि हे चार प्लग तू पुढ्यात ठेवलेस की मिस्त्री तुझ्या नवऱ्याकडे बघून बोलायचं थांबवतो, हे आपलं खासगीत.

दुकानदार हमखास म्हणेल, ‘ताई, नागपूरचं ऊन आहे, थंड नंबरचा प्लग घ्या.’ घेऊ नको. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश झालं होतं, मान्य. पण प्लगचं टोक आत साधारण ४५० ते ८५० अंशांत काम करतं. बाहेरच्या पाच-सात अंशांनी तिथे काय फरक पडणार? उलट थंड प्लग, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि शहराच्या ट्रॅफिकमध्ये लवकर काळा होतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच माग. इरिडियमचे महागडेही नकोत, या गाडीला साधे पुरे. १५-२० हजार किलोमीटर जातात. नकली खूप फिरतात, त्यामुळे बिल देणाऱ्याकडूनच घे. बाबा अजून ‘मायकोचा प्लग’ म्हणतात, तर त्यांना सांग, १९५१ ला सुरू झालेली ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे, डब्यावर तेच बघा.

नव्या प्लगच्या टोकाची गॅप फीलर गेजने तपास, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास, नेमका आकडा पुस्तकातला. प्लग आधी हातानेच फिरव. सरळ गेला तरच पाना लाव. हाताने टेकल्यावर नव्या वॉशरसाठी पान्याने साधारण अर्धा फेरा, त्यापुढे ताकद दाखवू नको. आट्यांना ग्रीस लावायची नाही, त्याने नकळत जास्त आवळला जातो. वायरीच्या रबराच्या आत मात्र सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब, पावसाचं पाणी शिरत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत काळी रेघ दिसली तर कॅप आणि रोटरही याच खेपेला बदलून टाक. पीयूसीलाही फायदा आहे. न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून गेलं की ते मशीन लगेच ओरडतं.

जुन्यांपैकी बरे दोन प्लग, प्लगचा पाना आणि १ नंबरची जुनी वायर, ती चांगली मोजली गेली तर, फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेव. ती सर्वात लांब, म्हणून कुठल्याही सिलिंडरला पुरते. ऑक्टोबरमध्ये पेंच उघडलं की तुम्ही सिल्लारीला निघणारच, आणि मनसर सोडल्यावर जिप्सीचा प्लग कुठल्या दुकानात मिळेल याची मला तरी खात्री नाही.