विषयवाटपाविषयी भाचीस पत्र

हमरापूर, ता. पेण
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. ताईस,

तुझे पत्र पावले. कनिष्ठ महाविद्यालयात रुजू होऊन तुला पुरते वर्षही झाले नाही, तोच अकरावीच्या विषयवाटपाचे आणि वेळापत्रकाचे काम तुझ्याकडे आले. काही विषयांस मर्यादेपलीकडे मागणी आणि काहींस मूठभरही विद्यार्थी नाहीत, हे पाहून ‘वगळायचे तरी कोणाला?’ असा प्रश्न तू केला आहेस. सेवेत असताना हे काम मी पुष्कळ वर्षे केले असल्यामुळे जे योग्य वाटते ते मनमोकळेपणे लिहितो.

संख्येची मर्यादा म्हणजे कचेरीने घातलेला निष्कारण अडसर, ही समजूत प्रथम दूर कर. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीत 35 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले. परंतु त्या कायद्याची छाया आठवीपाशीच संपते, आणि अकरावीच्या तुकडीची मंजूर संख्या बहुधा 80 असते. म्हणजे शासनाची मर्यादा जेथे संपते तेथून पुढची मर्यादा, अर्थात शिक्षकाला प्रत्येक मुलाची वही खरोखर पाहता येईल अशी संख्या, तुम्हा शिक्षकांनाच विवेकाने ठरवावी लागते. माहिती तंत्रज्ञानासारख्या विषयात तर ती चालू स्थितीतील संगणकच ठरवतात. हा आकडा पसंतीपत्रे वाटण्यापूर्वी फलकावर लाव. अर्ज आल्यानंतर जाहीर केलेली मर्यादा कितीही न्याय्य असली, तरी ती अमक्याला वगळण्यासाठीच केली, असा संशय पालकांच्या मनातून जात नाही.

आता खऱ्या कामाकडे वळू. विषयवार बेरजा करून थांबू नकोस. कोणते दोन विषय किती जणांनी एकत्र मागितले आहेत, याचा चौकटीचा तक्ता कर. समज, 80 जणांच्या कला शाखेच्या तुकडीत मानसशास्त्र 34, तर्कशास्त्र 30 आणि भूगोल 46 जणांनी मागितला. हे आकडे सुटे पाहिल्यास वेळापत्रकाविषयी काहीच सांगत नाहीत. परंतु मानसशास्त्र व भूगोल दोन्ही मागणारे 19 आणि मानसशास्त्र व तर्कशास्त्र दोन्ही मागणारे केवळ 4 आहेत, असे तक्त्यातून निघाले, तर मानसशास्त्राच्या तासिकेला तर्कशास्त्र लावल्याने चौघांचीच अडचण होते. भूगोल लावल्यास मात्र 19 जणांना आपल्या इच्छेवर पाणी सोडावे लागते. नकाशातील लगतच्या प्रदेशांना भिन्न रंग देण्याचा जो प्रश्न गणितज्ञ सोडवतात, त्याच जातीचा हा प्रश्न होय: एकत्र मागितलेले विषय म्हणजे लगतचे प्रदेश आणि तासिका म्हणजे रंग. ‘वर्ग भरला’ असे ज्या मुलाला सांगितले जाते, त्याच्या वाट्याची जागा पुष्कळदा शिल्लक असते, केवळ दुसऱ्या तासिकेत असते. एखाद्या विषयाचे दोन वर्ग करावे लागले तर ते वेळापत्रकाच्या निरनिराळ्या रकान्यांत ठेव. ज्यांना एकाच रकान्यात येणे शक्य आहे त्यांना आधी बसव, आणि दोन्हींकडे येऊ शकणाऱ्यांना अखेरीस राख, कारण दोन्ही वर्गांचा समतोल साधणे त्यांच्यामुळेच शक्य होते.

इतके करूनही मर्यादा ओलांडली गेली, तर ‘आधी येईल त्याला आधी’ हा सोपा शिरस्ता कृपा करून पाळू नकोस. आपल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यातील घराघरांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत, आणि प्रवेशाची धामधूम व कारखान्यातील कामाची घाई नेमकी एकाच हंगामात येते. जो मुलगा घरी रंगकामाला बसला आहे, जी मुलगी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करते आहे, ती मुदतीच्या पहिल्या सकाळी खिडकीपाशी उभी राहू शकत नाहीत. मुदतीच्या आत, परंतु शेवटच्या दिवशी येतात. 2025 सालापासून राज्यभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने होऊ लागले, तरी महाविद्यालय व शाखा मिळाल्यानंतर विषयांची विभागणी तुमच्याच दफ्तरात होते, आणि तेथे घाईला गुणवत्ता मानणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे. हीच दृष्टी वेळापत्रकातही ठेव: पनवेल-रोहा मार्गावरील गाडीने हमरापूर, कासू, नागोठणे येथून येणाऱ्यांचा ऐच्छिक विषय दिवसाच्या अगदी शेवटी टाकलास, तर कागदावर मिळालेला विषय त्यांना प्रत्यक्षात मिळत नाही.

म्हणून प्रत्येकाकडून तीन पसंती क्रमाने लिहून घे. पुढील अभ्यासक्रमासाठी ज्याला तो विषय अनिवार्य आहे, त्याचा हक्क पहिला. अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्याला गणिताऐवजी दुसरे काही देता येत नाही. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या पालकांसमक्ष काढ, आणि ज्याची पहिली पसंती हुकली त्याला दुसऱ्या विषयात अग्रक्रम दे. द्वितीय भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्यासाठी तुझ्याकडे गर्दी होईलच. ज्यांना संगणकाअभावी तेथे जागा मिळणार नाही त्यांना मराठीच्या वर्गात शिक्षा झाल्यासारखे पाठवू नकोस. त्या वर्गाला उत्तम शिक्षक आणि सकाळची तासिका दे.

आणखी एक नाजूक गोष्ट. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, विद्यार्थिसंख्येवर होत असल्यामुळे, ज्यांच्या विषयाला मागणी घटली आहे असे एखादे वडीलधारे सहकारी तुझ्याकडे येऊन ‘दहा मुले इकडे वळव’ म्हणतील. त्यांची चिंता खरी आहे, तिचा अनादर करू नकोस. तथापि कोणाच्या कार्यभारासाठी मुलाची पसंती बदलू नकोस. त्यापेक्षा तक्ता तयार होताच त्यांना आकडा सांग, म्हणजे मुलांसमोर आपला विषय मांडण्यास त्यांना अवधी मिळेल. तीनचार मुलांनीच मागितलेला विषय बंद करण्याची वेळ आलीच, तर त्या मुलांशी तू स्वतः बोल. ती बातमी त्यांना फलकावरून कळता कामा नये.

विषय बदलण्याच्या अर्जांसाठी मंडळाची मुदत पाहून एक तारीख ठरव आणि प्रतीक्षायादी तोवर उघडी ठेव. मुलांची नावे वगळून तुझा चौकटीचा तक्ता मला पाठव. कोणते दोन विषय एका तासिकेला ठेवता येतील ते मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवतो.

तुझा,
मामा