चेक छापताना टोनर लवकर का संपतो?

होडीमालक बंधू-भगिनींनो, ऐन वाटपाच्या दिवशी टोनर संपला की खलाशांचेही पैसे अडकतात. म्हणून आम्ही शिकलो ते सांगतो.

१) खोक्यावरचा पानांचा आकडा पानाचा सुमारे ५ टक्के भाग छापला जाईल असं धरून असतो. चेकवर नाव, तारीख, रक्कम एवढंच. टोनर कमीच लागतो.

२) पण एकेक चेक सुटा छापला की मशीन दरवेळी नव्याने फिरतं, कार्ट्रिज झिजतं.

३) पावसाळ्यात कागद ओलसर होतो, छपाई फिकट येते. मग गडद सेटिंग लावतो, टोनर जास्त जातो. चेकबुक कोरड्या कपाटात ठेवा.

४) बचत मोड चेकला नको. बँकेत चेक स्कॅन होतो, अक्षर ठळक हवं.

यापुढे सगळे चेक एकदम छापू. मासळीच्या पावत्या आदल्या दिवशीच द्या!