आठ सॉलेनॉइड आणि एक सूक्ष्मनियंत्रक

तांब्याच्या आवरणयुक्त तारेच्या लांब वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह सोडला असता ते चुंबकाप्रमाणे वागते व आतील लोखंडी दांडा ओढून घेते. यासच नालकुंतल किंवा सॉलेनॉइड म्हणतात. रोपवाटिकेतील आठ वाफ्यांना पाणी देणाऱ्या अशा आठ झडपा एका सूक्ष्मनियंत्रकाच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या, आज्ञेत ठेवावयाच्या आहेत, असे समजू.

प्रथम हिशेब पाहू. झडप 12 व्होल्टची व वेटोळ्याचा रोध 24 ओहम असल्यास ओहमच्या नियमानुसार प्रवाह 0.5 अँपिअर होतो. आठही झडपा एकदम उघडल्यास 4 अँपिअर. उलटपक्षी, एटीमेगा 328 या सूक्ष्मनियंत्रकाच्या एका पिनेतून 20 मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घेणे हितावह असते. 40 मिलिअँपिअर ही परमावधी होय. एकाच झडपेची गरज या हितावह मर्यादेच्या पंचवीसपट आहे. ती थेट जोडल्यास नियंत्रक निकामी होण्याचा धोका असतो.

यास्तव आज्ञा आणि शक्ती यांचे मार्ग वेगळे असावेत. शक्ती 12 व्होल्टच्या स्वतंत्र पुरवठ्यातून यावी. प्रत्येक वेटोळ्याच्या ऋण बाजूस एक मॉस्फेट ट्रान्झिस्टर बसवावा. नियंत्रकाच्या 5 व्होल्टच्या संकेताने तो पूर्ण उघडेल, असाच निवडावा. त्याच्या गेटपासून ऋण टोकापर्यंत 10 किलोओहमचा रोधक जोडावा, म्हणजे नियंत्रक सुरू होत असताना झडप आपोआप उघडणार नाही. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके परस्परांस जोडणे अवश्य आहे, एरव्ही संकेतास परतीची वाट मिळणार नाही. मात्र झडपांचा प्रवाह नियंत्रकाच्या बारीक तारेतून न नेता जाड तारेने थेट पुरवठ्याकडे न्यावा.

खरा धोका प्रवाह बंद करताना उद्भवतो. वेटोळे प्रवाहातील बदलास विरोध करते. प्रवाह एकाएकी तोडला की स्वप्रवर्तनाने मूळच्या कितीतरी पट विभवांतर उत्पन्न होते व ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून प्रत्येक वेटोळ्यास समांतर एक डायोड, कॅथोड धन बाजूस ठेवून, जोडावा. साठलेली ऊर्जा त्या मार्गाने वेटोळ्यातच फिरून शमते. डायोड उलटा जोडल्यास मात्र झडप उघडताच पुरवठ्याचे लघुमंडल होईल.

शेवटी काटकसरीचा विचार. झडपा पाळीपाळीने उघडल्यास एका वेळी अर्धा अँपिअर पुरतो. नियंत्रकास केवळ आज्ञा देऊ द्यावी, भार दुसऱ्याने वाहावा, हेच या मंडलाचे सार होय.