पाण्याचा फिल्टर घ्यावा का?

पावसाळा सुरू झाला की जुलाब आणि काविळीचे रुग्ण वाढतात व 'डॉक्टरसाहेब, फिल्टर घेऊ का?' हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. मी सांगतो, परवडत असेल तर जरूर घ्या, पण त्याची मर्यादा ओळखा.

कँडलचा फिल्टर गाळ आणि बरेचसे जंतू अडवतो. काविळीचे 'ए' आणि 'ई' विषाणू मात्र अतिसूक्ष्म असल्याने त्यातून पार होऊ शकतात. गरोदर स्त्रीच्या तर 'ई' कावीळ जिवावर बेतू शकते. म्हणून साथीच्या दिवसांत फिल्टर असला तरी पाणी उकळावेच. खळखळून उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट.

अतिनील किरणांचे यंत्र विषाणू मारते, पण गढूळ पाण्यात ते निष्प्रभ ठरते आणि वीज गेली की बंद. आरओ यंत्राची गरज खारट पाण्यालाच. क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर खर्च कशाला?

कँडल नियमितपणे मऊ ब्रशने, साबण न लावता घासावी. तडा गेल्यास लगेच बदलावी. आणि पाणी ओगराळ्यानेच काढावे. त्यात बोटे बुडाली, तर महागडा फिल्टरही व्यर्थ!