ओढ्याकाठचा धोबी

ओढ्यावर आपण धुणे धुवायला जातो. गुरांना पाणी पाजायला जातो. तिथे एक लहान पाखरू आपल्यापासून चार हातांवर निवांत फिरत असते. चिमणीसारखे ते टुणटुण उड्या मारीत नाही. एकामागून एक पाय टाकीत तुरुतुरु चालते. थांबले की शेपूट खालीवर, खालीवर करते. परीट दगडावर कपडा आपटतो ना, तशीच ती हालचाल. म्हणून लोकांनी त्याला नाव दिले धोबी. कोणी परीटही म्हणतात.

सगळे धोबी एक नव्हेत. नीट पाहिले तर ओळखू येतात.

पहिला आपल्या घरचा. पाठ काळी, गळा काळा, पोट पांढरे आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. हा बारा महिने इथेच राहतो. सगळ्या धोब्यांत हा मोठा. पहाटे घराच्या कौलावर किंवा पाण्यातल्या दगडावर बसून फार गोड शीळ घालतो. पुलाखालची फट, विहिरीच्या कडेचे भोक, बांधलेली होडी, अशा जागी तो काड्यामुळ्यांचे घरटे करतो. जागा मात्र पाण्याजवळ हवी.

बाकीचे पाहुणे. पांढरा धोबी राखी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा. करडा धोबी पाठीने करडा, पोटाने पिवळा. पिवळा धोबी चरणाऱ्या गुरांच्या पायांपाशी फिरतो. गुरे चालली की गवतातले किडे उडतात, ते हा टिपतो. रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या सुमारास ही मंडळी आपल्याकडे येतात. हुरडा होतो, सुगी होते, ऊन तापू लागते आणि ही मंडळी परत निघतात.

येतात कुठून? करड्या धोब्याचेच घ्या. हिमालयात डोंगरावरून खळाळत येणारे ओढे आहेत. त्यांच्या काठी तो अंडी घालतो, पिले वाढवतो. थंडी पडू लागली की खाली येतो. हिमालय ते सोलापूर हजार किलोमीटरांहून जास्त वाट. पाखराचे वजन मात्र वीस ग्रॅमच्या आसपास!

हे कळले कसे? पक्षी पकडून त्याच्या पायात हलके धातूचे कडे घालतात. कड्यावर अंक असतो. मग पक्षी सोडून देतात. पुढे तो कुठे सापडला तर अंक वाचून तो कोठून आला ते समजते. मुंबईत असाच कडे घातलेला एक करडा धोबी वर्षामागून वर्ष एकाच घराच्या हिरवळीवर परत आला होता. बघा, अंक वाचता आला म्हणून पाखराची वाट माणसाला कळली.

जगात पाण्याकाठी असा संसार करणारी दुसरीही पाखरे आहेत. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा मोठा पर्वत आहे. तिथे सिंक्लोडस नावाचे पक्षी राहतात. काही जाती डोंगरातल्या ओढ्यांकाठी, तर काही थेट समुद्राच्या खडकांवर राहतात. त्यांचे कूळ वेगळे, पण चाल तीच. पाण्याच्या कडेने फिरायचे आणि बारीक जीव टिपून खायचे.

आता आपल्या कामाची गोष्ट सांगतो. धोबी धान्यावर जगत नाही. तो किडे, भुंगेरे, अळ्या, नाकतोडे खातो. हे जीव ओल्या मातीत, शेवाळात, पाण्याच्या कडेला वाढतात. किडे असले तर धोबी राहतो. ते मेले तर धोबी कशाला राहील?

आमच्याच हातून एकदा चूक झाली. फवारणी झाली होती. पंप धुवायचा होता. विहीर लांब, ओढा जवळ. आम्ही पंप ओढ्यात विसळला. मनात म्हटले, वाहते पाणी आहे, जाईल वाहून. दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात लहान मासे पालथे पडलेले दिसले. तिथेच शेजारची बाई कपडे धूत होती आणि तिची शेरडे पाणी पीत होती. शाळेत आम्ही पोरांना स्वच्छता शिकवीत होतो आणि स्वतः हे केले! त्या डोहावर नेहमी दिसणारी धोब्याची जोडी पुढे कित्येक दिवस आम्हाला दिसली नाही.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. फवारणी झाली की पंप तीन वेळा विसळायचा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून संपवायचे. ओढा, विहीर, तळे यांच्या जवळ पंप आणायचा नाही. औषधाची रिकामी बाटली घरात वापरायची नाही. आणि पुलाखाली धोब्याचे घरटे दिसले तर पोरांना हात लावू द्यायचा नाही.

आपल्या सोलापूरचेच एक मोठे पक्षीमित्र होते, मारुती चितमपल्ली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा. वनखात्यात नोकरी करताना ते रानातल्या माणसांना पक्ष्यांची नावे विचारीत आणि टिपून ठेवीत. त्यातूनच पुढे त्यांनी ग्रंथ लिहिले. २०२५ साली ते वारले. त्यांच्या जन्मदिवसापासून महाराष्ट्रात पक्षीसप्ताह पाळतात. ज्यांना त्यांनी नावे विचारली, त्यांतल्या कितीतरी जणांना लिहिता येत नव्हते. नावे मात्र त्यांचीच होती.

तुम्हाला आता लिहिता येते. मग एक वही करा. यंदा पहिला पाहुणा धोबी कोणत्या तारखेला दिसला ते लिहा. किती दिसले ते लिहा. पुढच्या साली पुन्हा लिहा. आकडा कमी झाला तर समजा, ओढ्याला काहीतरी झाले आहे. त्या ओढ्याचे पाणी आपली गुरे पितात, हे विसरू नका.

अभ्यास
१. या पक्ष्याला धोबी नाव का पडले?
२. बारा महिने राहणारा धोबी कसा ओळखाल?
३. फवारणीचा पंप कसा धुवावा?
४. तुमच्या गावात धोब्याला काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहा.