कृतीवाचून विश्वास

शास्त्रपाठ : याकोब 2:14-17

भुकेल्या भावास नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणे हा विश्वास नव्हे, असे याकोब ह्या पाठात शिकवितो. परंतु ‘आम्हीच गरीब, आम्ही काय देणार?’ असे आमच्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकू येते.

ह्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्यांचे आईबाप दुष्काळातच वारले होते. पुढे 1896-97 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तेथे गेल्या व सुमारे 300 विधवा आणि मुली यांस घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्तिसदनात त्यांस अन्न मिळाले, तसेच शेती, विणकाम, छपाई ही कामेही शिकविण्यात आली. घेणारे हात देते झाले.

भुकेची ओळख हेच बाईंचे पहिले भांडवल होते. ते आम्हांपैकी कित्येकांपाशीही आहे. ज्याने उपास काढिला, त्यासच शेजाऱ्याची विझलेली चूल आधी दिसते. मग भाकरीतली अर्धी द्यावी, आजाऱ्याचे पाणी भरावे. तो आपल्या मंडळीचा आहे की नाही, हे विचारू नये.

विचारार्थ प्रश्न : ह्या आठवड्यात आमच्या गावी कोणाची चूल पेटली नाही? आणि ते आम्हांस ठाऊक होते काय?