घरचें वळण
(२ तीमथ्य १:५, ३:१४, १५)

पौलानें तीमथ्याला लिहितांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढली आहे. पण ज्याच्या घरीं लोईस नव्हती, त्यानें काय करावें? आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचा प्रश्न हाच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण घ्या. जन्म १८६८ चा. माहेर नाशिकजवळील जलालपूर. वडील नाना गोखले कमालीचे सोंवळे. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घेत नसत. ती विटाळाची धास्ती लेकीच्या हाडींमासीं भिनली. फेब्रुवारी १८९५ मध्यें नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां बाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें पतीजवळ आल्या, तरी सोंवळें सुटेना. टिळकांचा स्वभाव मोठा तापट. परंतु ह्या बाबतींत त्यांनीं बळजबरी केली नाहीं. अखेर राहुरीस बाईंनीं आपल्याच विचारानें जातिभेद टाकला आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला.

तथापि माहेर त्यांनीं टाकलें नाहीं. "स्मृतिचित्रां"त वडिलांच्या सोंवळ्याच्या गोष्टी त्यांनीं हंसत सांगितल्या आहेत. त्यांत बापाविषयीं तिरस्कार नाहीं.

उपदेशकबंधूंनो, नवें कुटुंब बाप्तिस्म्यानंतरहि जुनी भीति बाळगतें, म्हणून आपण लागलीच रागावतों. बाईंना पांच वर्षें लागलीं. कदाचित् ती भ्यालेली आईच उद्यां आपल्या नातवंडांची लोईस व्हावयाची असेल.

वर्गांत विचारा: माहेरची कोणती रीत तुम्हीं ठेविली, कोणती सोडली, व कां?